अकरा महिन्यांचा करार

कोंढव्यात, पेट्रोल पंपाच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान म्हणजे एक संगणक, एक प्रिंटर
आणि दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी.
मोडकीवर मी बसतो.

भाडेकरार करून देतो. अकरा महिन्यांचे.
बारावा महिना कायद्याला चालत नाही असं नाही,
मालकाला चालत नाही.

त्या वर्षी काबूलची माणसं अडकली इथे.
शिकायला आलेली, परत जाता येईना,
मग मागून बायकापोरं आली.
दिल्लीच्या कुठल्या संस्थेचा देवस्सी नावाचा माणूस
फाइल मांडीवर घेऊन चांगल्या खुर्चीत बसला.
म्हणाला, कुटुंबामागे चौदा हजारांपर्यंत भाडं
आम्ही भरू. पाच तारखेला, थेट खात्यात.

'पर्यंत' तो हळू म्हणाला.
बधेशेठना ते ऐकूच गेलं नाही.

गल्लीत वन बीएचके तेव्हा नऊला जायची.
पाणी दिवसाआड, लिफ्ट असून नसल्यासारखी.
मी चौदा टाइप केलं.
बोटाला काही वाटलं नाही.
दलाली एका महिन्याचं भाडं, म्हणजे माझेही चौदा.
संध्याकाळी घरी पापलेट नेलं.

मीरवैस सही करायला आला.
प्रत्येक पान उचलून, जणू वजन करत, पाहिलं,
उजवीकडून डावीकडे सही केली
आणि म्हणाला, "घर अच्छा है. नौ का है."
मी म्हटलं, तुम्हाला काय, संस्था भरते.
तो कागदावरच्या आपल्या नावाकडे बघत राहिला.

महिन्याभरात गल्ली चौदा शिकली.
तिसऱ्या मजल्यावरच्या नजमाबी,
शिलाई मशीन आणि एक आजारी दीर,
अकरा वर्षं त्याच खोलीत.
त्यांचा करार संपला तेव्हा शेठ म्हणाले, बाजारभाव.
बाजार म्हणजे कोण, त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.
बाजार मोडक्या खुर्चीत बसला होता.
त्याने प्रिंटरमध्ये कागद सारखे केले.

नजमाबी गेल्या. टेम्पोत मशीन उलटं ठेवलं होतं,
चाक रिकामंच फिरत होतं.

नळावर बायका म्हणू लागल्या,
हे परदेशी आले आणि महाग झालं.
मीरवैसच्या मुलीची, गुलालईची, बादली
कुणीतरी रांगेतून बाहेर सरकवली.
मी पाहिलं. मला आकडा माहीत होता,
टाइप करणारा माहीत होता.
मी दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं,
ऊन येत होतं म्हणून.

मग माझ्याच मालकाचा फोन. सासवडला असतो.
"तुमच्याकडे चौदा चाललंय म्हणे? आपण अकरा करू."
मी साडेसात देत होतो.
माझा करार मीच टाइप केला,
स्वतःकडून दलाली घेतली नाही.
बायको म्हणाली, मोठं मन तुमचं.

फेब्रुवारीत देवस्सी बोलला, आवाज खाली:
निधी मार्चपर्यंत.
पुन्हा तोच शब्द. या वेळी शेठना नीट ऐकू गेला.

मला वाटलं, भाव आता उतरेल.
चढायला जिना होता.
उतरायला लिफ्ट, आणि ती, सांगितलं ना,
असून नसल्यासारखी.

मीरवैस उंड्रीच्या पुढे गेला,
दोन कुटुंबं एका खोलीत, पत्र्याखाली.
जायच्या आधी किल्ली द्यायला आला
आणि कराराची एक प्रत मागितली,
कमिशनर ऑफिसात व्हिसाला लागते.
जुना करार, जुना पत्ता; तरी लागते.
चार पानं काढून दिली.
पानाचे पाच रुपये घेतले नाहीत.
माझ्याकडून एवढंच.

पाचवा महिना आहे. फ्लॅट रिकामा.
नऊला दिला तर भाव पडतो, शेठ म्हणतात,
खोलीला काय, तिला भूक लागत नाही.
बाहेरच्या पाटीवर नंबर माझा आहे.
फोन येतो, किती, विचारतात.
चौदा, म्हणतो.
काही कमी?
पलीकडे कुणाचं तरी बाळ रडत असतं.
मी म्हणतो, शेठना विचारतो,
आणि विचारत नाही.